केरूच्या नावाचं पान

फार जुन्या काळची गोष्ट आहे. चहूबाजूंनी डोंगर असलेलं एक लहानसं राज्य होतं. तिथं ऊन उशिरा यायचं आणि लवकर जायचं. वर्षातले बरेच दिवस धुकं खाली उतरून गडाच्या पायऱ्यांवर बसून राहायचं. पीक बेताचं, माणसंही बेताची. शेजारच्या राज्यांनी हेवा करावा असं तिथं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट होती.

गडावर एक दालन होतं. त्याला अज्ञातांचं दालन म्हणत. आत लाकडी पुतळे उभे होते. त्यांना हात होते, पाय होते, पण तोंडं नव्हती. सुतार तोंडाची जागा मुद्दाम गुळगुळीत तासून ठेवत आणि वरून काळं कापड पांघरत. होऊन गेलेल्या माणसांपैकी जी खरोखर गूढ होती, ज्यांचा ठाव कुणालाच लागला नाही, त्यांनाच तिथं जागा मिळे. लांबलांबून माणसं ते पुतळे पाहायला येत, कापडासमोर हात जोडत आणि हलक्या आवाजात बोलत परत जात. राज्यातल्या लोकांना याचा फार अभिमान होता. आपल्याकडे दुसरं काही नसलं तरी न कळणारी माणसं आहेत, असं त्यांना वाटे.

पण कुणालाही उचलून गूढ ठरवत नसत. त्याची एक रीत होती.

दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला राजा दालनात येऊन बसे. त्याच्या शेजारी दोन पारखी बसत, एक थोरला आणि एक धाकटा. होऊन गेलेल्या कुणा नामांकित माणसाचं प्रकरण पुढे येई. मग दवंडीवाला दारात उभा राहून तीन प्रश्न मोठ्यानं विचारी.

"हा कुणाच्या पोटी आला? हा काय खात होता? हा शेवटी कुठे गेला?"

जमलेल्यांपैकी कुणी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं, तर तो माणूस गूढ नाही असं ठरे. कुणीच बोललं नाही, तर त्याचा पुतळा होई आणि त्यावर कापड चढे.

रीत ऐकायला चांगली वाटते. पण तिच्यात एक मोठी चूक होती आणि ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. सर्वपित्रीला घरोघरी चुली पेटलेल्या असतात. बायाबापड्या वडे तळतात, खीर ढवळतात, आपल्या गेलेल्या माणसांना नावानं हाक मारून पान वाढतात. गेलेल्यांबद्दल ज्यांना काही ठाऊक असतं, ती सगळी माणसं त्या दिवशी घरी असतात. गडावर येत ते रिकामे लोक. प्रश्न मोठ्यानं विचारला जाई, पण ज्याला उत्तर ठाऊक आहे असा माणूस तो ऐकायला नसे.

कधीमधी एखादं माणूस चुकून येई. मग गंमत होई.

एकदा हवेवर जगणाऱ्या एका बाबाजींचं प्रकरण निघालं होतं. "हा काय खात होता?" असं दवंडीवाल्यानं विचारलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "थालीपीठ."

"काय?" थोरल्या पारख्यानं विचारलं.

"थालीपीठ. माझी आई द्यायची ना देवळामागं नेऊन. लसणाची चटणी नसली की रुसायचा मेला."

सगळे हसले, आणि बाबाजी बाद झाले.

एकदा महालातून नाहीशी झालेली राणी निघाली. ती भिंतीतून आरपार गेली असं लोक मानत. एका परटिणीची नात म्हणाली, "भिंत कुठली हो? सासूला कंटाळून माहेरी गेली ती. गाठोडं आमच्या आजीनंच बांधून दिलं होतं." राणीही बाद झाली.

हे असं चाललं होतं तोवर ठीक होतं. बाबाजी थालीपीठ खात होते हे कळल्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पुढे गादीवर एक तरुण राजा आला. तो स्वभावानं वाईट नव्हता. पण त्याच्या कारकिर्दीत दालनात एकही नवा पुतळा उभा राहिला नव्हता. ते त्याला लागून राहिलं होतं. एकदा शेजारच्या राज्यातला पाहुणा दालन बघून त्याला म्हणाला, "तुमच्या आजोबांच्या काळात गूढ माणसं होत असत. आता होत नाहीत वाटतं?"

राजाला जेवण गेलं नाही. त्यानं थोरल्या पारख्याला बोलावून घेतलं.

"पारखीबाबा, एखादा खरा गूढ माणूस शोधा. असा, की मागून कुणी थालीपीठ काढणार नाही."

थोरल्या पारख्यानं बराच विचार केला. मग तो म्हणाला, "एक आहे, महाराज. पाण्याचा स्वार."

पाण्याचा स्वार सगळ्यांना ऐकून माहीत होता. राजाच्या आजोबांच्या काळात शत्रूची फौज डोंगरातल्या दरीतून चालून आली होती. दरीच्या वरच्या अंगाला एक मोठं तळं होतं. फौज दरीत शिरली आणि अचानक तळ्याचं पाणी सुटलं. फौजेतले कितीतरी लोक वाहून गेले, उरलेले पळाले, राज्य वाचलं. ते पाणी कुणी सोडलं? लोक म्हणत, पांढऱ्या घोड्यावर बसून एक स्वार आला, त्यानं बांधावर भाला मारला आणि तो पाण्यातच विरून गेला. त्याला आधी कुणी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"याचं कुणाला काही ठाऊक असेल?" राजानं विचारलं.

"त्या वेळचं कोण उरलंय आता, महाराज?"

मग गावोगाव दवंडी फिरली. "येत्या सर्वपित्रीला पाण्याच्या स्वाराची पारख आहे हो! स्वार गूढ ठरला, तर तो अमर ठरला. मग तळ्याच्या पाण्यात आपलं कुणी मेलं असं म्हणायचं नाही. तळ्यात गेलेल्याच्या नावानं कुणी पान वाढायचं नाही. अमर माणसाला मेलेल्याचं जेवण वाढणं हा राज्याला अपशकुन आहे हो!"

राज्याच्या एका टोकाच्या गावात सारजा नावाची म्हातारी राहत होती. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. दर सर्वपित्रीला ती दोन पानं वाढत असे, एक नवऱ्याचं आणि एक भावाचं. माहेरचं पान सासरी कुणी वाढत नाही. पण सारजाला माहेरच उरलं नव्हतं, म्हणून गावानं तिला कधी अडवलं नव्हतं. तिचा भाऊ त्याच तळ्यात गेला होता.

दवंडी सारजानंही ऐकली. अमावास्येच्या सकाळी तिनं वड्यांचं पीठ मळून ठेवलं आणि शेजारणीला हाक मारली.

"एवढे वडे तळून ठेव गं. मी गडावर जाऊन येते."

"या वयात गडावर? तिथं काय तुझं माहेर आहे?"

"माहेरचंच काम आहे," सारजा म्हणाली आणि काठी घेऊन निघाली.

ती पोचली तेव्हा दालन माणसांनी भरलं होतं. दारातून धुकं आत येत होतं. पारख व्हायच्या आधीच मधोमध नवा पुतळा उभा केलेला होता. सुतारानं घोडाही कोरला होता. स्वाराच्या तोंडाची जागा अंड्यासारखी गुळगुळीत होती. काळं कापड घडी करून पायाशी ठेवलं होतं.

दवंडीवाला दारात उभा राहिला.

"हा कुणाच्या पोटी आला?"

कुणी बोललं नाही. राजाच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं.

"माझ्या आईच्या," सारजा म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. थोरल्या पारख्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"तू कोण?"

"सारजा. मोरीच्या वाडीची लेक."

"मोरीची वाडी? अशी वाडी आपल्या राज्यात नाही."

"आता नाही. तेव्हा होती. तळ्याच्या बांधाखाली. बांधाची मोरी आमच्या घराकडं होती. शेतांना पाणी सोडायचं असलं की मोरीचं दार उघडायचं, हे आमचं काम. आधी बापाचं, मग भावाचं."

"आणि तुझा भाऊ म्हणजे हा स्वार?" राजानं पुतळ्याकडे हात केला. "नाव काय त्याचं?"

"केरू."

पुढे बसलेला एक जाडजूड सरदार खुदकन हसला. मग सगळेच हसले.

"पाण्याचा स्वार केरू!" सरदार म्हणाला. "महाराज, घोड्याचं नावही विचारून घ्या. उकिरडा असेल."

हसणं थांबेपर्यंत सारजा तशीच उभी राहिली.

"त्याच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली," ती म्हणाली. "म्हणून हा झाला तेव्हा आईनं याला केरात टाकला आणि शेजारणीकडून उचलून घेतला. मरणानं बघितलंच तर त्याला वाटावं, हा केर आहे, कशाला न्या. म्हणून केरू. आणि घोडा नव्हता त्याच्याकडं. एक रेडा होता, तोही चुलत्यासोबत वाट्यात."

आता हसणारे कमी झाले होते. दवंडीवाल्यानं थोरल्या पारख्याकडे पाहिलं. तो काहीच खूण करेना, तेव्हा रीत म्हणून त्यानं दुसरा प्रश्न विचारला.

"हा काय खात होता?"

"नाचणीची भाकरी. तळ्यातले मासे. कुणी गुळाचा खडा दिला तर अर्धा मोडून आधी मला द्यायचा. आणि मोठा अर्धा कुठला यावरून आमची भांडणं व्हायची."

धाकटा पारखी पुढे झुकला. "आजी, त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"मी तिथंच होते. माहेरपणाला आले होते. तिन्हीसांजेला त्याची भाकरी घेऊन बांधावर गेले. तेवढ्यात घोड्यावरून एक माणूस आला. पांढरा घोडा त्याचा होता. तो गडाचा माणूस. म्हणाला, फौज दरीत शिरलीय, थोरल्या महाराजांचा हुकूम आहे, मोरी पुरी उघड. केरू म्हणाला, उघडतो, पण खाली आमची वाडी आहे. आधी माणसं वर काढू द्या. तो म्हणाला, तू दार उघड, वाडीला मी सांगतो. केरूनं पुन्हा विचारलं, नक्की सांगाल ना? तो म्हणाला, गडाच्या माणसाला उलट विचारतोस?"

सारजा जरा थांबली. तिला धाप लागली होती.

"मग केरूनं दार उघडलं. एवढं पाणी, बांधच फुटला. आम्ही कडेला वर चढलो आणि खाली बघितलं. वाडीत दिवे तसेच होते. कुणी हललं नव्हतं. आणि पांढरा घोडा वरच्या वाटेनं गडाकडं परत चालला होता."

दवंडीवाल्याचा आवाज मोठा होता, पण तिसरा प्रश्न त्यानं अगदी हळू विचारला.

"तो शेवटी कुठे गेला?"

"घरी गेला," सारजा म्हणाली. "आई घरात होती. मला म्हणाला, सारजे, तू हितंच थांब. आणि उतारावरून पळत सुटला. पाणी त्याच्या पुढं होतं."

जाडजूड सरदार खाली बघू लागला.

"तिन्ही उत्तरं मिळाली," धाकटा पारखी म्हणाला. "हा माणूस गूढ नाही. कापड उचलून न्या."

"थांबा," थोरला पारखी म्हणाला. "ही साक्ष एकटीची आहे. बाई, तुझ्या बोलण्याला दुसरा साक्षीदार आहे?"

"आहेत की. सगळी वाडी आहे. तळ्याखालच्या गाळात."

"म्हणजे नाही."

"बाबाजींच्या वेळी आपण एकाच म्हातारीचं ऐकलं होतं," धाकटा पारखी म्हणाला. "तेव्हा दुसरा साक्षीदार मागितला नव्हता."

"ती चटणीची गोष्ट होती," थोरला पारखी म्हणाला. "ही राज्याची आहे."

मग तो राजाच्या कानाशी वाकला. "महाराज, नीट विचार करा. हा केरू खरा ठरला, तर त्याची वाडी खरी ठरते. वाडी खरी ठरली, तर तो घोडेस्वार खरा ठरतो. मग त्याला कुणी पाठवलं, हेही खरं ठरतं. आपल्या आजोबांनी आपलीच माणसं न सांगता पाण्याखाली घातली, असं उद्या पोरंसोरं म्हणतील. आणि आपल्याकडे काय उरेल? एक रेडा आणि एक केरू."

म्हातारी खोटं बोलत नाही, हे राजाला कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

"आजी," तो शेवटी म्हणाला, "समजा, तो तुमचा भाऊच होता. मग तर तुम्हाला आनंद व्हायला हवा. इथं त्याच्यापुढं दिवा जळेल. लांबून माणसं येतील, हात जोडतील. तुम्हाला आणखी काय हवं?"

"वर्षातून एक पान," सारजा म्हणाली. "त्याला हाक मारून वाढलेलं."

"पण अमर माणसाला पान कसं वाढणार?"

"तो अमर नाही, महाराज. तो मेला. पळता पळता मेला. तुम्ही त्याला मोठं करताय, ते कळतं मला. पण तुमच्या या पुतळ्याला तोंड नाही. त्याला तोंड होतं. हनुवटीवर रेड्याचं शिंग लागल्याची खूण होती. मी ओळखीन असं यात काहीच नाही."

राजानं एकदा पुतळ्याकडे पाहिलं. एकदा धाकट्या पारख्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "दुसरा साक्षीदार नाही. पाण्याचा स्वार गूढ आहे."

काळं कापड चढलं. लोकांनी हात जोडले. कुणीतरी सारजाला धरून बाहेर पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं. तो माणूस वाईट नव्हता. "जपून जा हो आजी, पायऱ्या ओल्या आहेत," असंही म्हणाला.

सारजा घरी पोचली तेव्हा वडे गार झाले होते. शेजारीण दारात बसली होती.

"नवऱ्याचं पान वाढ तू," शेजारीण म्हणाली, "पण दुसरं नको गं. गडावरून सांगून गेलेत. गावावर आळ येईल. माझं ऐक एवढं."

सारजानं एकच पान वाढलं. ती स्वतः जेवली नाही.

त्या वर्षी ती बरीच खंगली. पुढची सर्वपित्री जवळ आली तशी ती घर बंद करून निघाली आणि दरीतून चालत पलीकडच्या राज्यात उतरली. हेच ते राज्य, जिथून पूर्वी फौज आली होती. एका घराच्या अंगणात तिच्याच वयाची एक बाई पानं मांडत होती. सारजा कुंपणाशी उभी राहिली.

"बाई, एक पान ठेवायला जागा द्याल का? शिधा माझा मी आणलाय."

"कुणाचं पान?"

"भावाचं. तळ्याच्या पाण्यात गेला."

"आमचेही दोघं त्याच पाण्यात गेले," ती बाई म्हणाली. "नवरा आणि दीर. फौजेत होते. तुझा भाऊ पण फौजेत होता?"

सारजा खोटं बोलू शकली असती. तिथं कुणी तिला ओळखत नव्हतं. पण खोट्या नावानं वाढलेलं पान केरूला पोचलं नसतं, असं तिला वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "ज्यानं मोरी उघडली, तो माझा भाऊ."

त्या बाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "मग? पाणी सोडून तो कुठं गेला?"

"पाण्यामागं पळाला. खाली आमची आई होती."

"सापडली?"

"नाही. दोघंही नाहीत."

त्या बाईनं आपली दोन पानं थोडी सरकवली आणि शेजारी जागा केली. "नाव काय त्याचं?" तिनं विचारलं. "हाक मारल्याशिवाय येईल कसा?"

"केरू," सारजा म्हणाली, आणि बांध फुटला त्या दिवसापासून पहिल्यांदा तिला रडू आलं.

ती पुन्हा आपल्या राज्यात गेली नाही. त्याच गावात राहिली आणि तिथंच वारली.

इकडे गडावर पाण्याच्या स्वाराचं नाव फार वाढलं. त्याची गोष्ट सांगणारे वाढले, तशी गोष्टही वाढली. त्याला आई नव्हती. त्याला भूक लागत नसे. ज्या दिवशी गरज लागेल त्या दिवशी तो पुन्हा येईल. मुलं हे ऐकत मोठी झाली. आपल्यावर संकट आलं तर ते निवारणं हे स्वाराचं काम, आपलं नाही, असं त्यांना मनापासून वाटू लागलं. दरीच्या तोंडावर पूर्वी पहारा असे, तो हळूहळू उठला. ज्याला पहाऱ्यावर जा म्हणावं तो हसून म्हणे, "स्वार आहे की!"

राजाच्या डोक्यावर पांढरे केस आले, त्या सुमारास पुन्हा फौज आली. तिच्या नगाऱ्यांचा आवाज गडावर ऐकू येत होता. राजानं सरदारांना बोलावलं.

"दरी अडवायला कोण जातंय?"

सरदार एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, "महाराज, आपण हत्यार उचललं तर स्वाराचा अपमान होईल. तो रागावला तर?"

गावागावांतून लोक गडावर येत होते. ते हत्यारं घेऊन आले नव्हते, फुलं घेऊन आले होते. दालनात पाय ठेवायला जागा उरली नाही. थोरला पारखी आता फार म्हातारा झाला होता. तो भिंतीला टेकून एकच शब्द म्हणत होता, "येईल. येईल."

"कुठून येईल?" धाकट्या पारख्यानं विचारलं. "तो कुठलाच नाही, असं आपणच ठरवलं ना?"

फौज दरीतून आली आणि पायऱ्या चढून वर आली. लढाई झालीच नाही. गडाच्या दारात शत्रूचा सेनापती थोडा वेळ थांबला. एवढी माणसं हात जोडून कुणाची वाट बघत आहेत, ते त्याला कळेना.

त्यानं लोकांना मारलं नाही. त्यांना डोंगरातून उठवून लांबच्या मुलखांत थोडे थोडे करून पाठवून दिलं. कुणी कुठे गेलं, कुणी कुठे. राजाला त्यानं अंगावरच्या वस्त्रानिशी सीमेबाहेर सोडलं.

राजा पुष्कळ हिंडला. ज्या गावात जाई तिथं म्हणे, मी राजा आहे. लोक म्हणत, बरं, जेवून घ्या. पुढे पुढे त्यानं ते सांगणं सोडून दिलं. केस वाढले, दाढी वाढली. एका थंडीत तो एका धर्मशाळेत आला आणि कोपऱ्यात निजून राहिला. त्याला ताप होता. येणारे जाणारे त्याच्याकडे बघत. कुणी पाणी ठेवलं, कुणी घोंगडी टाकली. त्या माणसांत एक जण जरी जवळ बसला असता, तरी तो सगळं बोलला असता. त्याला शेवटी बोलायचं होतं. वाडीबद्दल बोलायचं होतं.

तो गेल्यावर गावातल्या दोघांनी त्याला उचललं. वाटेत एक जण म्हणाला, "कोण होता रे?"

"कुणास ठाऊक. गूढच माणूस होता."

"पण पान कुणाच्या नावानं वाढायचं? नाव काय म्हणाला होता?"

दुसरा चालता चालता थांबला. मग म्हणाला, "ते विचारायचं राहूनच गेलं."

बोध: जो माणूस आपल्याला कळला नाही तो गूढच असतो असं नाही, बहुतेक वेळा आपण त्याच्या माणसांना नीट विचारलेलं नसतं, किंवा त्यांनी सांगितलेलं आपल्याला ऐकायचं नसतं.